घोड्यांची पडवी

नेरळला गाडीतून उतरलो तेव्हा पाऊस असा ओतत होता की समोर माथेरानचा डोंगर आहे की नाही, हेच कळेना. कल्याणहून कर्जत लोकल पकडली की तासाभरात नेरळ येतं. एरवी उतरल्याबरोबर मुलं छोट्या गाडीच्या फलाटाकडे पळतात. पण ती गाडी जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळहून वर जात नाही. मग रिकामे रूळच दाखवले आणि दरवेळी सांगतो तेच पुन्हा सांगितलं, की हे दोन फुटी रूळ मुंबईच्या सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी घातले आणि १९०७ साली पहिली गाडी वर गेली. थोरल्याने "माहीत आहे" म्हणून छत्री उघडली.

आम्हाला वर जायचंच नव्हतं. आमचे मामू माथेरानचे घोडेवाले. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत ते दस्तुरी नाक्यावर असतात. गाड्या तिथेच थांबतात, पुढे गावात मोटार नेता येत नाही. पायी जा, घोड्यावर जा, नाहीतर रिक्षात. पाऊस लागला की मामू घोडे घेऊन पायथ्याला उतरतात. डोंगराच्या उगवतीला, ठाकरवाडीच्या अलीकडे, नानांच्या वेळची थोडी वरकस जमीन आहे. नाचणी-वरी कधीच बंद झाली, आता नुसतं गवत. त्या गवतात या उन्हाळ्यात मामूंनी घोड्यांसाठी नवा निवारा बांधला होता आणि तो पहिल्या पावसात कसा टिकलाय ते बघायला आम्ही निघालो होतो.

रिक्षावाल्याने डांबर संपलं तिथे सोडलं. पुढे चिखलातून पाऊण किलोमीटर. बांधावर चढलो आणि निवारा दिसला. पाठ डोंगराकडे, तोंड आमच्याकडे, आत कोरडी ठणठणीत जमीन, कोपऱ्यात गवताच्या पेंढ्या. आणि आत कोणी नाही! बादल आणि हीना दोघंही बाहेर माळावर, डोंगराकडे ढुंगण करून, शेपट्या पोटाशी ओढून, माना खाली घालून भिजत उभे. धाकटीला रडूच आलं. "नानाजान त्यांना आत का नेत नाहीत?"

मामू प्लॅस्टिकची खोळ पांघरून घरातून आले. सलाम झाला. मग निवाऱ्याकडे हात करून म्हणाले, "बघा, एवढा खर्च करून घर बांधलं आणि मालक बाहेर."

पण ते हसत होते. मागच्या पावसाळ्यात आम्ही आलो होतो तेव्हा मामू हसले नव्हते, फारसं बोललेही नव्हते. तेव्हा शबनमला पुरून दोन दिवस झाले होते.

शबनम नऊ वर्षांची घोडी, माथेरानला मुलांना बसवण्यात सगळ्यात शांत. आमची दोन्ही मुलं पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसली. तेव्हा घोडे घरामागच्या तबेल्यात असत. तो मामूंनी मोठ्या हौसेने बांधला होता. चारही बाजूंनी विटांची भिंत, सिमेंटचा कोबा, डोक्याला हात लागेल एवढा खाली पत्रा, एक छोटी खिडकी आणि लोखंडी पट्ट्यांचं मजबूत दार. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडभर पत्रे पानांसारखे उडाले, त्यानंतर मामूंनी पत्रा आणखी खाली घेतला आणि खिडकीही लहान केली. जनावर जितकं बंदिस्त तितकं सुरक्षित, असं कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटायचं.

गेल्या जुलैत चार दिवस पाऊस खंडला नाही. त्यातच वाडीतली एक शेळी बिबट्याने नेली. मामूंनी दार लावलं ते लावलंच. तीन घोडे चार दिवस आत. कोब्यावर मूत साचलं, मोरी तुंबली, वरून पत्र्याचा उबारा, खाली ओला पेंढा. दार उघडलं की डोळ्यांना झोंबायचं, असं मुमानी सांगतात. तिसऱ्या दिवशी शबनम खोकायला लागली. चौथ्या दिवशी ताप चढला. जनावरांचे डॉक्टर पावसातून मोटारसायकलवर आले, इंजेक्शनं दिली आणि पहिलं काम म्हणून तिन्ही घोड्यांना भर पावसात बाहेर काढायला लावलं. बाकीचे दोघे वाचले. शबनम पाचव्या दिवशी फज्रच्या सुमारास गेली. फुफ्फुसं भरली होती.

डॉक्टरांनी मामूंना दोष दिला नाही. ओट्यावर बसून त्यांनी जे समजावलं ते मुमानींनी आम्हाला जसंच्या तसं ऐकवलं. घोडा दिवसभर गवत चघळतो आणि ते पोटात आंबत राहतं, त्याची ऊब आतूनच येते. आपल्या कोकणपट्टीत थंडीने घोडा मरत नाही. त्याला खातो तो दमटपणा, कोंडलेली हवा आणि पायाखालचा चिखल. मुताच्या वाफेने श्वासनळी सोलवटते, बुरशी धरलेल्या पेंढ्याची धूळ आत जाते आणि मग रोगाला दारच उघडं मिळतं. घोडा घामाने अंग निववतो, पण हवाच ओली असेल आणि हलत नसेल तर घाम वाळणार कसा? काही घोड्यांना तर अशा हवेत घाम येणंच बंद होतं, मग ते कुत्र्यासारखे धापा टाकतात. "भिंती कमी करा," असं सांगून डॉक्टर गेले.

भिंती कमी करा, हे ऐकायला सोपं. बिबट्याचं काय? पैशाचं काय? मामूंचा मुलगा बदलापूरला कंपनीत आहे. तो म्हणाला, "अब्बा, आता विकून टाका." त्याचंही चूक नव्हतं. माथेरानला २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा चाचणीसाठी आल्या, तेव्हापासून घोड्याच्या फेऱ्यांचं काय होणार ही धास्ती प्रत्येक घोडेवाल्याच्या घरात आहे. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा द्यायला सांगितलं. माणसाने माणसाला ओढू नये हे कोण नाकारील? मामूही नाकारत नाहीत. पण दमलेला पर्यटक समोर ई-रिक्षा दिसल्यावर घोड्याचं भाडं विचारील का, हा हिशेब त्यांना रात्री झोपू देत नाही. अशा वेळी उरलेल्या दोन घोड्यांसाठी नवं बांधकाम काढणं म्हणजे वेडेपणा, असं आमच्यातही काही जण बोललो.

मुमानींनी वाद मिटवला. म्हणाल्या, "ठेवायचे असतील तर नीट ठेवू. नीट ठेवता येत नसतील तर आजच विका, तिसरं कबूल नाही." आणि स्वतःच्या पाटल्या काढून दिल्या. मामू लहानपणी मकतबात ज्या छोट्या सूरह शिकले, त्यातल्या अल-आदियातचं नावच धावणाऱ्या घोड्यांवरून आहे. घोडा आपल्याकडे अमानत असतो, हे ते तेव्हापासून ऐकत आले आहेत. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. सकाळी वाडीतल्या म्हातारबाबांना बोलवायला गेले.

हे बाबा ठाकर समाजातले, सत्तरी ओलांडलेले, घरं शाकारण्यात हयात गेलेली. त्यांनी जागा कशी निवडली ते ऐका. मामू टेप घेऊन घराजवळची सपाट जागा मोजत होते. बाबा मात्र माळावर फिरत राहिले आणि एका उंचवट्याजवळ थांबून म्हणाले, "इथं." का, तर तिथे लीद जास्त पडली होती. घोडे मोकळे असताना स्वतःहून कुठे उभे राहतात ते लीद सांगते. त्या उंचवट्यावर दुपारी वारा लागत होता आणि पाणी दोन्ही अंगांनी उतरून जात होतं. सपाट जागा पावसाळ्यात तळं होते हे मामूंनाही ठाऊक होतं, पण घरातून नजर राहावी म्हणून त्यांना तीच हवी होती.

दिशेवरूनही तसंच झालं. घर मावळतीला, म्हणून निवाऱ्याचं तोंड घराकडे असावं असा मामूंचा आग्रह. बाबांनी ऐकलं नाही. आपला पाऊस नैऋत्येचा, माथेरानच्या माथ्यावरून येतो आणि झड मावळतीकडून मारतो. म्हणून पाठ मावळतीला, तोंड उगवतीला. याचा दुसरा फायदा आम्हाला मे महिन्यात कळला. दुपारी तीनचं ऊन मागच्या भिंतीवर आदळत होतं आणि आत गडद सावली होती. तिसरा फायदा सकाळचा. कोवळं ऊन थेट आत शिरतं आणि रात्रीची ओल सुकवून टाकतं.

मे अखेरीस वळीव आला तो मात्र उगवतीकडून! मोकळ्या तोंडातून सरळ आत. अर्ध्या तासात जमीन भिजली, गवत भिजलं. मामूंनी डोक्याला हात लावला आणि उघड्या बाजूला पत्रे ठोकायला निघाले. बाबा बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "वळीव पाव्हणा हाय, दोन दिसांत जाईल. चार म्हैने ऱ्हानारा वरून येतो." पत्रे परत ठेवले गेले. परतीचा पाऊस पुन्हा उगवतीचा असतो, तेव्हा पुन्हा थोडं भिजेल. ते चालवून घ्यायचं.

बांधणी सांगतो, कारण बऱ्याच वाचकांच्या घरी घोडा नसला तरी गाय-म्हैस असेल, आणि यातलं निम्मं त्यांच्याही कामाचं आहे. रुंदी २४ फूट, खोली १२ फूट. दोन घोड्यांना ही ऐसपैस, तिसरा आला तरी भागेल. तोंड पूर्ण उघडं, दार नाही, मध्ये फक्त दोन खांब आणि त्यांना जुना दोर गुंडाळलेला. उघडी बाजू अरुंद ठेवली तर दांडगा घोडा तोंडाशी उभा राहतो आणि दुसरा आत अडकून लाथा खातो. बादल तसा दांडगाच आहे. छप्पर एकपाखी, पुढे ११ फूट आणि मागे ८. उतार मागे, त्यामुळे पागोळ्या घोड्यांच्या वाटेवर न पडता मागच्या चरात पडतात. बुटकी पाठ वाऱ्याकडे, म्हणून वारा वरून निसटतो. पुढची वळचण तीन फूट बाहेर काढली आहे.

उघड्या तोंडाच्या छपराखाली वारा शिरला की ते छत्रीसारखं उलटतं. निसर्ग वादळाची आठवण असल्याने इथे मामूंनी बाबांचंही ऐकलं नाही. खांब तीन फूट खोल गाडून काँक्रीट भरलं, प्रत्येक तुळई लोखंडी पट्टीने खांबाला आवळली, पत्र्याला खिळ्यांऐवजी हुक आणि नट लावले. या बाबतीत मामूंचंच बरोबर होतं. जूनमधल्या वादळी रात्री वाडीत तीन छपरं गेली, हे हललं नाही.

भिंती तीनच. खालचे साडेचार फूट जाड फळ्या, कारण घोडा लाथ मारणार हे धरूनच चालायचं. फळ्या बाहेरच्या अंगाने नव्हे, आतून ठोकल्या आहेत, म्हणजे लाथ बसली तर त्या खांबावर दाबल्या जातात, निखळत नाहीत. पत्रा खालपर्यंत आणायचा नाही, त्याच्या धारेने पाय चिरतो. फळ्यांच्या वर कारवीचा कूड, न लिंपलेला, आणि कुडाच्या वर छपरापर्यंत दीड हात मोकळं. गरम हवा तिथून निघून जाते. पत्रा तापू नये म्हणून वरून पांढरा रंग दिला आणि खाली अर्धा फूट अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या. तट्ट्यांमुळे पावसाचा पत्र्यावरचा तडतडाटही दबतो. जुन्या तबेल्यात त्या आवाजाने हीना रात्रभर थरथरायची.

पण खरा खर्च आणि खरी मेहनत जमिनीत गेली. बघणाऱ्याला छप्पर दिसतं. जोतं फूटभर उंच घेतलं. खाली मोठे काळे दगड, त्यावर खडी, त्यावर मुरूम, आणि मुरूम धुम्मसने थरथराने चोपलेला. आम्ही मे महिन्यात दोन रविवार याच कामाला होतो. थोरल्याने घमेली वाहिली, त्याच्या तळहातांना फोड आले आणि त्याने ते शाळेत सगळ्यांना दाखवले. सिमेंट मुद्दाम टाळलं. कोबा घोड्याला कठीण पडतो, ओला झाला की खूर घसरतो आणि मूत वरच साचतं. मुरमात ते झिरपतं. निवाऱ्यापुढे दहा फुटांचा पट्टाही दगड-खडीने भरला, कारण सगळ्यात जास्त चिखल तिथेच होतो, जनावर तिथेच येऊन-जाऊन तुडवतं. मागे चर खणून डोंगराचं आणि छपराचं पाणी दोन्ही वळवून खालच्या ओहोळात सोडलं.

एवढा खटाटोप कशासाठी? खुरासाठी. खुराच्या तळाशी मऊ त्रिकोणी भाग असतो. दिवसेंदिवस ओल्यात राहिला की तो सडतो, काळा पडतो, त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. मग घोडा लंगडतो आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू होतो तेव्हा दस्तुरीला नेता येत नाही. म्हणजे घरात चूल पेटण्याचा रस्ता त्या तळव्यातून जातो. आता दोघांनाही दिवसातून काही तास कोरड्यावर उभं राहायला मिळतं. मामूंनी बादलचा पाय उचलून आम्हाला दाखवला. तळवा घट्ट, स्वच्छ. वास नव्हता.

तर मग पावसात ते बाहेर का? चहा पिताना धाकटीने पुन्हा विचारलं. मामू म्हणाले, "मीही पहिल्या दिवशी ओढून आत नेलं. मी वळलो की बाहेर." घोड्याला पावसाची तक्रार नसते. पाठ वाऱ्याकडे करून तो आरामात भिजतो, आणि चारी बाजूंना नजर राहिली की निश्चिंत असतो. तो आत येतो तो त्याच्या कारणांनी, आपल्या नाही.

आम्हाला ते कारण दुपारीच दिसलं. जोहरनंतर पाऊस थांबला, ढग फाटले, ऊन पडलं आणि माळावरून वाफा निघाल्या. दहा मिनिटांत घोडमाश्या आल्या. त्या चावल्या की रक्त काढतात आणि त्यांच्यापासून घोड्यांना सर्रा नावाचा जीवघेणा आजारही होतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्तच. हीना शेपूट आपटत, कातडी थरथरवत उभी राहिली, मग मान वर करून सरळ निवाऱ्याकडे आली. पाठोपाठ बादल. खडीवर टापांचा आवाज झाला, दोघं सावलीत शिरले, भिंतीशी जाऊन अंग झाडलं. आतल्या सावलीत, वाहत्या हवेत माश्या फारशा येत नाहीत. धाकटीने टाळ्या वाजवल्या तेव्हा मामूंनी ओठांवर बोट ठेवलं.

मुमानी लगेच खरारा घेऊन गेल्या. सतत भिजलेल्या पाठीवर खपल्या धरतात, म्हणून अंग वाळलं की रोज खरारा, आणि खपली दिसली तर त्या दिवशी खोगीर नाही. मग फावडं घेऊन लीद भरली. एक घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो; ती निवाऱ्याजवळ ठेवली तर माश्यांना आपणच दावत दिल्यासारखं. खालच्या रोपवाटिकेचा माणूस आठवड्याला येऊन घेऊन जातो.

बिबट्याचा प्रश्न सुटलेला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मोठे घोडे दोघे मिळून असले, पळायला जागा असली, तर त्यांच्यावर बिबट्या सहसा जात नाही, असं बाबा म्हणतात. शिंगरू असतं तर मामूंनी धोका पत्करला नसता. सौरदिवा लावला आहे, वाडीतला एक कुत्रा रात्री निवाऱ्यातच झोपतो. तरीही मामू रात्री दोनदा उठतात. जुन्या तबेल्यात दार लावून झोप लागायची. आता उघड्यावर आहेत तर झोप लागत नाही. हे सांगताना ते शबनमचं नाव घेत नाहीत. आम्हीही घेतलं नाही.

असरनंतर पुन्हा भरून आलं. परतीची गाडी पकडायची होती. निघताना थोरला निवाऱ्याच्या कोपऱ्यात गवताच्या पेंढ्या कशावर रचल्यात ते वाकून बघत होता. गवत जमिनीवर ठेवलं तर खालून ओल धरतं आणि बुरशी येते, म्हणून चार दगडांवर एक लोखंडी फळी आडवी ठेवली होती. ती फळी म्हणजे जुन्या तबेल्याचं दार होतं. कडी अजून तशीच होती.

मुमानींनी त्यावरून एक पेंढी ओढली, झटकून नाकाशी नेली, वास घेतला आणि हीनापुढे टाकली.